फोड मोडता कामा नये

आमच्या घरात मोडलेली फोड स्वयंपाक करणारीच्या ताटात जायची. हा सासूबाईंचा नियम. सालनात, म्हणजे रश्शात, दुधी असो, बटाटा असो की कच्चं केळं, वाढताना त्या डावानं एकेक फोड उलटून बघायच्या आणि जी कडेनं जराशी जरी खचलेली दिसली ती उचलून माझ्या ताटात टाकायच्या. तोंडानं चकार शब्द नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नुसता लगदा खाल्ला. पुढे हळूहळू माझ्या ताटात काही पडेनासं झालं, आणि तेव्हा माझं नाक जे वर झालं ते आजतागायत खाली आलेलं नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे, पण आता इतकी वर्षं कतारमध्ये, अल वक्रात आहोत की गावी गेलं की मला गावच परकं वाटतं. इथे आम्हां कोकणातल्या बायकांचा चांगला गोतावळा आहे. कुणाकडे बाळाचा अकीका असला, रमजानात कुणी सगळ्यांना रोजा सोडायला बोलावलं, की मोठ्या टोपाचं काम निघतं आणि फोन माझ्याकडे येतो. मोठ्याचं मटण आणि कच्ची केळी, ही माझी खासियत. लालभडक रस्सा, वर तवंग, आणि केळ्याची फोड अशी अख्खी की दाबली तर लोण्यासारखी दबेल आणि उचलली तर सरळ उभी राहील. मी माझीच टिमकी वाजवतेय असं कुणाला वाटत असेल, तर हो, वाजवतेय. वाजवण्यासारखी आहे म्हणून वाजवतेय.

आमचा व्हिला म्हणजे एका मोठ्या घराचे पाडलेले तुकडे. मधे एक अंगण, त्यात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि आमची एक भिंत पलीकडच्या बिऱ्हाडाची. त्या बिऱ्हाडात एक तरुण जोडपं राहायला आलं. टांझानियाचं, किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याचं. तो एका हॉटेलात काउंटरवर असतो, ती अल दुहैलच्या एका बालवाडीत शिकवायची. सकाळी मेट्रोला जायची घाई असली तरी अंगणातून जाताना थांबून विचारपूस करायची. आमची बोली म्हणजे तिचं बरं इंग्रजी, माझं मोडकं इंग्रजी, आणि जिथे दोन्ही अडतील तिथे खलास, यल्ला, शुक्रन असले चार अरबी शब्द आणि हातवारे. ती मला ‘मामा’ म्हणायची. त्यांच्यात आईच्या वयाच्या बाईला तसं म्हणतात. आमच्या ह्यांना त्याचं कोण हसू यायचं. मी तिला बाय म्हणायचे.

ती गरोदर राहिली तेव्हापासून तिच्या तोंडी एकच विषय. आई येणार. आई येणार आणि बाळंतपण करणार. तिच्या आईची केळ्यांची बाग आहे, घराच्या चहूबाजूंनी, आणि त्या बागेतले काही घड लेकीच्या नावानं राखून ठेवले होते. मला फोनवर फोटो दाखवायची. फोटोत केळी कमी आणि आई जास्त दिसायची. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्याला रंगीत फडकं, चेहरा असा की बाजारात हिच्याशी घासाघीस करायला कुणी धजणार नाही. मला ती बाई बघताक्षणी आवडली. खरं सांगायचं तर थोडी धास्तीही वाटली.

आणि बाळंतपण तोंडावर आलं असताना ती बाई त्याच बागेत घसरली. घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, प्रवास बंद, तिकीट रद्द.

मुलगी झाली. सिझेरियन झालं. घरी आणल्यावर मी बघायला गेले, तर बाळ ठणठणीत आणि आईचा चेहरा उतरलेला. पलंगाशेजारच्या टेबलावर ताट तसंच झाकून ठेवलेलं. हॉटेलातून नवरा रोज काहीबाही आणायचा, सूप आणायचा, भात आणायचा, ही दोन घास खाऊन बाजूला सारायची. अंगावर दूध येत नव्हतं. नर्सनं सांगितलं होतं की पोटात अन्न नाही, झोप नाही, मग दूध कुठून येणार. खा, पाणी पी, बाळाला पुन्हा पुन्हा घे. तोवर बाटली सुरू करा. बाटली सुरू झाली आणि हिचं रडणं सुरू झालं. तिच्या घराण्यात म्हणे बाटलीवर वाढलेलं मूल नाही.

“आमच्यात बाळंतिणीला मतोरी देतात,” ती म्हणाली. “आई करून देते. मला दुसरं काही गिळवतच नाही, मामा.”

“त्यात काय असतं?”

“हिरवी केळी आणि बीफ.”

मी मनातल्या मनात हसले. अल वक्रात राहून, माझ्याच भिंतीला भिंत लावून, हिला केळी आणि मोठ्याचं मटण मिळत नाही म्हणून ही रडते आहे! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “बाय, पूस ते डोळे. उद्या दुपारी.”

दुसऱ्या दिवशी मी जीव ओतला. हाडाचं मटण आणलं. केळी घेतली ती मलबारी दुकानातली, लांब, टणक, कारण ती कितीही शिजली तरी आकार सोडत नाहीत. कांदा-खोबरं भाजून वाटण केलं. बाळंतीण म्हणून तिखट हात राखून घातलं, पण रंग यायला काश्मिरी मिरची घातलीच. फोडी तिरक्या कापल्या, ढवळायला डाव वापरलाच नाही, टोप दोन्ही कानांना धरून नुसता हलवला. सासूबाई असत्या तर डाव घेऊन उभ्या राहिल्या असत्या आणि त्यांना एकही फोड सापडली नसती.

ती वाटी मी मिरवतच नेली. बायनं वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसली. दोन चमचे तोंडात घातले. “खूप छान आहे, मामा,” म्हणाली, आणि चमचा खाली ठेवला. मग तोंड भिंतीकडे फिरवून गुपचूप रडायला लागली. तिच्या नवऱ्यानं मात्र दारात उभ्या उभ्या तीन वाट्या चापल्या. पण त्याला दूध यायचं नव्हतं.

घरी येऊन मी भांडी घासायला घेतली, आणि ती जरा जोरातच घासली असणार, कारण हे बाहेरच्या खोलीतून उठून आले.

“काय झाला गो? टोपानं काय केलान तुझा?”

“तिना आवडला नाय.”

“मग मना वाढ.”

ह्यांची हीच तऱ्हा. जगबुडी आली तरी आधी वाढ म्हणतील. मला मात्र झोंबलं होतं. माझं सालन आजवर कुणी खाली ठेवलेलं नव्हतं. आजारी माणसांनी नाही, नखरेल सुनांनी नाही, नाक मुरडायलाच जन्मलेल्या माझ्या मोठ्या जावेनंही नाही.

संध्याकाळी तिचा नवरा माझी वाटी परत द्यायला आला. धुवून पुसून, आणि आत चार अंडी. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांच्यातही आहे, हे बघून माझा राग निम्मा उतरला. तो दारात घुटमळला.

“चव फार छान होती,” तो म्हणाला. “पण आमच्या मतोरीत केळं दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे? घालत नाही?”

“घालतात. भरपूर घालतात. पण दिसत नाही.” त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, काहीतरी घुसळल्यासारखे. “सगळं एक होतं. पितात ते, कपातून.”

मटणात केळी घोटायची? ज्या लगद्यापायी मी पहिलं वर्ष मान खाली घालून जेवले, तो लगदा मुद्दाम करायचा आणि कपातून प्यायचा? मी त्याला म्हटलं, बघू. माझ्या ‘बघू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला माहीत नव्हता, म्हणून तो शुक्रन म्हणून गेला.

मी खरंच सोडून दिलं असतं. पण पुढच्या दुपारी भिंतीपलीकडून बाळ रडायला लागलं. बाटली मिळाली तसं गप्प झालं, आणि मग त्याच्या आईचा हुंदका ऐकू आला. मूल रडतं ते मला ऐकवतं, मुलं रडायचीच. पण आपलं मूल दुसऱ्या कशानं तरी शांत झालं म्हणून आई रडते, ते मला ऐकवेना. माझ्या बाळंतपणात माझी आई तिच्या गावाहून माझ्या सासरी बोटीनं, मग एसटीनं, डिंक, अळीव आणि तुपाचा डबा घेऊन आली होती आणि पाण्याच्या तांब्यासाठीसुद्धा तिनं मला उठू दिलं नव्हतं. हिची आई एक पाय वर करून बसली आहे आणि मी इथे फोडींचा मान सांभाळत बसले आहे. मला माझी लाज वाटली. मी ओढणी खोचली आणि पलीकडे गेले.

“लाव तुझ्या आईला फोन,” मी म्हटलं. “तोंडासमोर बसून शिकव म्हणावं.”

आई फोनवर आली. अंगणात खुर्ची, प्लास्टरचा पाय स्टुलावर, मागे केळीची पानं हलताहेत. फोटोतल्यापेक्षा वाळली होती. मी मलबारी केळं कॅमेऱ्यासमोर धरलं. तिनं एक बोट वर केलं आणि ते डावीकडून उजवीकडे हलवलं. भाषा कळायची गरजच नव्हती. मग ती काहीबाही बोलली आणि बायनं सांगितलं, की हे केळं हट्टी आहे, ते मोडत नाही. आखूड आणि जाड बुडाचं पाहिजे. म्हणजे ज्या गुणासाठी मी ते केळं निवडलं होतं तोच त्याचा अवगुण निघाला.

शुक्रवारी हे आणि बायचा नवरा केळी शोधायला निघाले. आमचे हे शुक्रवारी सकाळी मासळीचा धक्का सोडून कुठे जात नाहीत, पण त्या दिवशी न कुरकुरता गेले. युगांडाहून विमानानं येणारी केळी एका आडबाजूच्या दुकानात मिळतात, असं बायच्या नवऱ्यानं त्याच्या हॉटेलातल्या कुणाकडून तरी काढलं होतं. दोघं खोकंभर केळी घेऊन आले. ह्यांनी एक केळं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, “ह्याच्यापायी येवढा फिरलो? ही तर आपल्या परसातली भाजीची केली हायत.” तशीच दिसत होती खरी, फक्त जरा अंगानं भरलेली.

बायच्या स्वयंपाकघरात मी माझा टोप नेला, माझी सुरी नेली, माझा मिसळणाचा डबाही नेला, आणि त्याच डब्याला टेकवून फोन उभा केला. आता ती आई तिथून, मी इथून, आणि मधे दारापलीकडच्या पलंगावरून बाय दुभाषी. मी हाताला खोबरेल चोपडलं, कारण कच्च्या केळ्याचा चीक लागला की हात काळे पडतात. तिनं मान डोलावली. सोललेली केळी मी लबन, म्हणजे इथलं ताक, घातलेल्या पाण्यात टाकली. तिनं भुवया वर केल्या, बायनं काहीतरी समजावलं, मग तिनं हात झटकला, म्हणजे असू दे. हाडाचं मटण, कांदा, मीठ आणि पाणी एवढंच टोपात. माझा हात सवयीनं हळदीच्या वाटीकडे गेला आणि फोनमधलं ते बोट पुन्हा वर झालं. मी हात मागे घेतला. मिरची नाही, वाटण नाही, खडा मसाला नाही. मी फिक्या जेवणाला आयुष्यभर नावं ठेवली, आणि आता पांढऱ्या पाण्यात मटण शिजवत उभी होते.

मटण हाडापासून सुटायला लागल्यावर केळी त्याच रश्शात गेली. शिजली. आणि इतक्या सुंदर शिजली, की मला राहवेना. मी फोन उचलून टोपावर धरला आणि तिला दाखवलं, बघ, एकही मोडलेली नाही. मग तिनं दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले आणि फिरवले. तिच्या जावयानं केलं होतं तेच.

घोटायला हिच्या घरात काही नव्हतं, एक इवलासा काटेचमचा सोडून. मी घरी जाऊन रवी आणली. सासूबाईंचीच. डाळ घोटायची, फणसाच्या लाकडाची, दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. ती मी फोनसमोर धरली, तर ती आई खुर्चीतल्या खुर्चीत ओरडलीच. मला वाटलं पाय दुखावला. तेवढ्यात आतून कुणी बाई धावत आली आणि तिनं आईच्या हातात काय दिलं? एक रवी. डोकं जरा वेगळं, चांदणीसारखं फाटे फुटलेलं, पण दांडा तोच, आणि दोन तळव्यांत धरायची रीतही तीच. तिनं ती माझ्यासमोर धरली, मी माझी तिच्यासमोर धरली. दोघी हसायला लागलो आणि कितीतरी वेळ हसतच राहिलो. पलंगावरून बाय विचारत होती, काय झालं, काय झालं.

मग मी मटणाचे तुकडे बाजूला काढले, रवी टोपात घातली आणि फोडी मोडल्या. पहिल्या वेळी हातच वळेना. मनात आलं, सासूबाई असत्या तर आज अख्खा टोप माझ्याच ताटात उपडा केला असता. पण एकदा फिरवायला लागले तसा हाताला छंद लागला. केळी रश्शात विरत गेली, रस्सा दाट झाला, मऊ पिवळसर झाला, आणि त्याला एक असा वास सुटला की पलंगावरून विचारणं बंद झालं.

शेवटी लोणी घालायचं होतं. आईनं बायकडून सांगितलं, थोडं लोणी, चिमूट मिरपूड, खलास.

आता इथे माझ्या जिवाला काही पटेना. हळद नाही, बरं. मसाला नाही, बरं. पण बाळंतीण आहे आणि लसूण नाही? तुपात परतलेला लसूण दिल्याशिवाय आमच्याकडे बाळंतिणीचं जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. दूध त्यानंच उतरतं, हे माझ्या आईनं सांगितलेलं आहे आणि माझ्यापुरता तो विषय तिथे संपलेला आहे. मी हळूच फोन खिडकीकडे फिरवला. “नेटवर्क, नेटवर्क,” म्हटलं. लोण्याऐवजी घरचं तूप लहान कढईत तापवलं, ठेचलेला लसूण तांबूस केला, चर्र करून मतोरीत ओतला आणि पुन्हा एकदा रवी फिरवली. लसूण कुठच्या कुठे गेला. वास काही फोनमधून जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग फोन जागेवर ठेवला आणि वरून चिमूटभर मिरपूड घातली, आईला दिसेल अशी.

मटणाचे तुकडे परत घातले, कप भरला, बायच्या हातात दिला. तिनं वास घेतला, डोळे मिटले आणि प्यायली. मधे थांबली नाही. कप रिकामा करून पुढे धरला. दुसराही प्यायली. मग “मामा” एवढंच म्हणाली आणि आडवी होऊन अशी झोपली, की बाळ तिच्या कुशीत मी नेऊन ठेवलं तेही तिला कळलं नाही. फोनमध्ये तिची आई फडक्याच्या टोकानं डोळे पुसत होती. मी माझ्या ओढणीनं पुसत होते. दोघींपैकी एकीलाही दुसरीची भाषा येत नव्हती, आणि त्या वेळी बोलायचं तरी काय होतं?

पुढे रोज मतोरी. सकाळी आईला फोन लागायचा आणि टोप चढायचा. मी घोटायचे, ती प्यायची, झोपायची, बाळाला घ्यायची. होता होता दूध आलं. आधी थोडं, मग असं की बाळाला ठसका लागायला लागला. बाटली कपाटात गेली. नर्स म्हणाली, आई जेवली, झोपली, म्हणून आलं. म्हणू दे. शिकलेली मुलगी आहे. दूध माझ्या टोपातून आलं असं मी म्हणत नाही, पण मी म्हणत नाही म्हणून ते खोटंही ठरत नाही.

ही बातमी आमच्या बायकांत पसरायला कितीसा वेळ? पुढच्या अकीक्याला मला गराडाच पडला. “तू फोडी मोडल्यास? तू?” एकीनं तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी सगळ्यांना ऐकवलं, की अख्खी फोड ठेवणं काय, कुणालाही शिकवलं की येतं. इतकी मऊ घोटायची, की गुठळी नाही, धागा नाही, हे माझ्यासमोर करून दाखवा. त्याच बायकांनी नंतर एकेक करून मला बाजूला घेतलं आणि ती केळी कुठे मिळतात ते विचारून घेतलं.

मग बाळ मान धरायला लागलं, पालथं पडायला लागलं, आणि त्याच्या उष्टावणाच्या सुमाराला आजीचा पाय बरा झाला. ती आली.

मी दारात बघायला गेले तर ती काठी टेकत आत येत होती. फोटोत दिसायची त्याहून उंच. तिनं काठी जावयाच्या हातात दिली आणि मला मिठी मारली ती अशी, की माझा श्वास कोंडला. तिच्या पेटीत तिच्या बागेतली हिरवी केळी होती, फडक्यात गुंडाळून आणलेली. बाळाच्या तोंडात पहिलं अन्न जायचं ते मतोरीचं, आजीच्या बागेतल्या केळ्यांचं. हे मला बायनं आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रवी धुवून पुसून तिथे नेऊन ठेवली आणि बाजूला उभी राहिले. खरं सांगते, मला वाईट वाटत होतं. पण लेक तिची, नात तिची, केळी तिची. आपण शेजारीण. आपलं काम झालं. एवढं मला कळतं.

आजीनं स्टूल ओढलं, शेगडीजवळ बसली, पाय लांब केला. केळी माझ्यासमोर सरकवली. आणि दोन तळवे एकमेकांवर ठेवून फिरवले.

मी बायकडे बघितलं. “मी?”

“तू,” बाय म्हणाली. “ती म्हणते, हे मूल तुझ्या मतोरीच्या दुधावर वाढलं. पहिला घास बदलायचा नाही.”

मी काय सांगू मला काय वाटलं. ऊर भरून आला म्हणतात तो असा येतो. मी खोबरेल हाताला लावलं आणि कामाला लागले, तिच्या नजरेसमोर, तिनं शिकवलं होतं अगदी तसं. हळदीकडे बघितलंसुद्धा नाही. मटण, कांदा, मीठ. केळी. रवी फिरवली, केळी दिसेनाशी झाली. बाळाची वाटी आधी बाजूला काढली. मग लोण्याचा तुकडा उचलला. आज तूप नाही, लसूण नाही; तिची केळी, तिची रीत.

आजीनं काठी फरशीवर आपटली. मी थांबले. ती उठली, कांद्याच्या टोपलीत हात घातला, लसणाचा गड्डा काढला आणि तो माझ्या तुपाच्या बरणीशेजारी ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातातलं लोणी तसंच. “हिला कसं कळलं?” मी बायला विचारलं. “मी तर फोन फिरवला होता.”

बायनं विचारलं, आजीनं सांगितलं, आणि बाय हसायलाच लागली. “ती म्हणते, फोन फिरवलास, पण तिचे कान कुठे फिरवलेस? मतोरी करताना चर्र असा आवाज कधीच येत नाही. तो तिनं ऐकला. ती रागवणार होती. पण मग मी कप रिकामा केला, म्हणून ती गप्प बसली. रोज सकाळी फोन लावून ती त्याच आवाजाची वाट बघायची.”

रोज सकाळी! आणि मी रोज सकाळी नेटवर्क, नेटवर्क करत फोन खिडकीकडे फिरवत होते.

मी तूप तापवलं, लसूण तांबूस केला आणि ओतला. चर्र झालं. आजीनं डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. बाळानं आपल्या वाटीतलं बोटभर चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि आणखी मागितलं. मग आजीनं मोठी वाटी घेतली, डाव टोपात तळापर्यंत घालून पहिली वाढ काढली. मला वाटलं लेकीला देईल. तिनं ती माझ्या हातात दिली आणि मी खायला लागेपर्यंत कुणालाही वाढलं नाही.

वाटीभर मोडलेल्या फोडी, एकही अख्खी नाही, आणि सगळ्यांच्या आधी माझ्या पुढ्यात. मी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि आणखी मागितली.